महिना चंद्राचा, वेळ गावच्या सूर्याची

रमजानचा महिना चंद्र पाहून सुरू होतो. महिना एकदा लागला की रोजेदाराचा दिवस मात्र सूर्यावर चालतो. सहरी कधी आटोपायची, रोजा कधी सोडायचा, पाच वेळची नमाज कधी अदा करायची, हे सारे सूर्य त्या घडीला आकाशात कोठे आहे यावरून ठरते. जवळच्या मशिदीतली अजान रोज घड्याळाच्या एकाच ठोक्याला का होत नाही, आणि दोन मोहल्ल्यांतल्या अजानमध्ये अंतर का पडते, असा प्रश्न गावातल्या अनेकांना पडतो. त्याचे उत्तर या सूर्याच्या हिशेबात आहे.

पहाटे पूर्वेच्या क्षितिजावर आडवा पसरणारा उजेड दिसू लागला की फजरची वेळ सुरू होते आणि सहरी संपते. त्याआधी कधीकधी उभ्या पट्ट्यासारखा अंधूक प्रकाश दिसतो. त्याला ‘सुबह काजिब’ म्हणजे खोटी पहाट म्हणतात, आणि तिच्यावरून वेळ धरत नाहीत. भर दुपारी सूर्य माथ्यावरून कलला की जोहर. सावली ठरावीक लांबीची झाली की असर. सूर्यबिंब पूर्ण मावळले की मगरिब, आणि त्याच क्षणी इफ्तार. पश्चिमेचा संधिप्रकाश विरला की ईशा. म्हणजे एक काठी, तिची सावली आणि मोकळे क्षितिज एवढ्या साधनांवर रानातला मेंढपाळही आपली वेळ ओळखू शकत होता.

असरच्या बाबतीत फिकहच्या परंपरांमध्ये फरक आहे. दुपारची सर्वांत आखूड सावली वजा करून उरलेली सावली वस्तूच्या उंचीइतकी झाली की शाफई परंपरेत असर सुरू होते. इमाम अबू हनिफा यांच्या मतानुसार ती उंचीच्या दुप्पट व्हावी लागते. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई, तर घाटावर आणि मराठवाडा-विदर्भात बहुसंख्य हनफी. त्यामुळे मार्च महिन्यात रत्नागिरीतली असर सोलापूरच्या तुलनेत सुमारे तासभर आधी सुरू होऊ शकते. दोघांचेही बरोबरच असते. मे महिन्यात महाराष्ट्रातल्या शाळांमधून ‘शून्य सावली दिवस’ पाळला जातो. त्या दिवशी दुपारी वजा करायला सावलीच नसते, एवढाच या गणितातला बदल.

ढगाळ दिवशी सावली दिसत नाही, म्हणून गणिताची गरज पडली. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी यांनी नमाजच्या वेळांची कोष्टके केली. पुढे मोठ्या मशिदींमध्ये ‘मुवक्कित’ म्हणजे वेळ सांगणारा खगोलज्ञ नेमला जाऊ लागला. दमास्कसच्या उमय्यद मशिदीचे मुवक्कित इब्न अल-शातिर यांनी 1371 च्या सुमारास तिथल्या मिनारावर सूर्यघड्याळ बसवले. मशिदीत दीनी इल्मइतकाच त्रिकोणमितीलाही मान होता, ही त्या काळाची ओळख आहे.

आजचे टाइम टेबल त्याच गणितातून येते. सूर्य क्षितिजाच्या किती अंश खाली असताना पहाट धरायची, हा त्यातला कळीचा आकडा. आपल्याकडे साधारणपणे 18 अंश धरतात. उत्तर अमेरिकेत अनेक ठिकाणी 15 अंश धरले जातात. आपल्या अक्षांशावर या दोन आकड्यांमुळे सहरीच्या वेळेत मार्चमध्ये 12-13 मिनिटांचा फरक पडतो. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये कोणती पद्धत निवडलेली आहे हे न पाहता त्यावर विसंबणाऱ्या तरुणांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

दुसरा आणि त्याहून मोठा मुद्दा गावाचा. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटे लागतात. मुंबई आणि नांदेड जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, पण नांदेड सुमारे साडेचार अंश पूर्वेला आहे. त्यामुळे तिथला सूर्य बारा महिने सुमारे 18 मिनिटे आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. मुंबईचे टाइम टेबल फोनवरून फिरत नांदेडला पोहोचले आणि कोणी त्यावर सहरी केली, तर फजर लागून गेल्यावरही तो जेवत राहील. त्याचा रोजा होणारच नाही, आणि त्याला ते कळणारही नाही. उलट नांदेडच्या वेळेवर मुंबईत कोणी खजूर तोंडात टाकली, तर सूर्य अजून वर असेल. चौदा तासांची भूक-तहान शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत वाया जावी, याहून वाईट काय?

‘आमच्या गावाला अमुक मिनिटे मिळवा किंवा वजा करा’ हा सोपा उपायही सगळीकडे लागू पडत नाही. कोल्हापूर आणि नागपूर यांच्या सूर्यास्तात जूनअखेरीस सुमारे 11 मिनिटांचे अंतर असते, तर डिसेंबरअखेरीस तेच सुमारे 28 मिनिटांवर जाते. कारण दोन्ही शहरांचे अक्षांश वेगळे आहेत. उंचीचाही परिणाम होतो. दुबईच्या बुर्ज खलिफात 80 व्या मजल्यावर राहणाऱ्यांनी रोजा 2 मिनिटे उशिरा आणि 150 व्या मजल्यावरच्यांनी 3 मिनिटे उशिरा सोडावा, असे तिथल्या मुफ्तींनी 2011 मध्ये सांगितले होते. वरून सूर्य अजून दिसत असतो, एवढेच त्याचे कारण.

हिंदू बांधवांना हे समजायला अवघड जाऊ नये. संकष्टीला दिनदर्शिकेत गावोगावचे चंद्रोदय वेगवेगळे छापलेले असतात, आणि पुण्याच्या चंद्रोदयावर अकोल्यात कोणी उपास सोडत नाही. रोजेदाराचा हिशेब तसाच आहे.

राहिला प्रश्न दोन मशिदींच्या वेगवेगळ्या अजानचा. नमाजची वेळ सुरू होते आणि पुढे बराच काळ राहते. त्या अवधीत जमात कधी उभी करायची हे प्रत्येक मशिदीची कमिटी नमाजींची सोय पाहून ठरवते. बाजारपेठेतल्या मशिदीत जोहर दीडला, तर कामगार वस्तीत सव्वाला असू शकते. यात भांडण नाही. सहरी आणि इफ्तार यांना मात्र अशी सवड नाही. तिथे मिनिट महत्त्वाचे आहे.

म्हणून प्रत्येक गावातल्या मशीद कमिट्यांनी आणि टाइम टेबल छापून वाटणाऱ्या दुकानदारांनी तीन गोष्टी पाळायला हव्यात. वेळा कोणत्या गावाच्या आहेत ते ठळक छापावे. पहाटेसाठी किती अंश धरले ते लिहावे. आणि ‘एहतियात’ म्हणून किती मिनिटे आधीच धरली आहेत तेही सांगावे. कारण छापणाऱ्याने पाच मिनिटे राखायची, अजान देणाऱ्याने आणखी तीन, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी वर दोन, असे चालले तर इफ्तार दहा मिनिटे लांबते. सूर्य मावळल्यावर रोजा सोडण्यात उशीर करू नये, ही पैगंबरांची शिकवण आहे. सावधगिरी एकदाच आणि एकाच ठिकाणी धरावी.

गावातल्या महाविद्यालयातला भूगोलाचा किंवा गणिताचा शिक्षक हे काम एका दुपारी करून देऊ शकेल. त्याचा धर्म कोणता, हे सूर्य विचारणार नाही आणि कमिटीनेही विचारू नये. सूर्याच्या वेळा दरवर्षी त्या त्या तारखेला जवळपास त्याच असतात, त्यामुळे एकदा नीट केलेले टाइम टेबल अनेक रमजान पुरेल.