होळीचा नाच आणि कुंपणावरचा तुंबा

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी आपणांस ठाऊकच आहे. सातपुड्यातल्या तरुणांची नाचपथके आता ९ ऑगस्टला, आदिवासी दिनीही रंग भरतात. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली पोरे होळीला माघारी येतात, ती या नाचासाठीच! ढोल मिळतो, घुंगरू मिळतात. पण बुध्याच्या कमरेचा तुंबा? संकरित दुधी कोवळाच तोडायचा, तो इथे कामाचा नाही. पाऊस पडताच जाड कवचाच्या देशी तुंब्याचा एक वेल कुंपणावर चढवा. जवळपास दुसरा दुधी नको. कीटक पराग नेतात, बी भेसळते. फळ वेलावरच वाळू द्या. देठ पुरता सुकला की उतरवा, बी राखेत घोळून ठेवा आणि शेजारच्या पाड्यातल्या पथकालाही मूठभर द्या.