चंद्यातून इन्व्हर्टर येईल, पण नळाला पाणी कसं येणार?

लोडशेडिंगची चर्चा सुरू झाली की आपल्या मोहल्ल्यात आधी चंदा सुरू होतो. मशिदीला इन्व्हर्टर, क्लासला जनरेटर. माझा या सवयीवर आक्षेप आहे. खिदमत चांगलीच, पण ज्या कामासाठी आपण कर आणि वीजबिल भरतो, ते काम चंद्यावर ओढून घेऊन सरकारला मोकळं सोडायचं, याला मी खिदमत म्हणत नाही.

नगरचंच पाहा (कागदोपत्री आता अहिल्यानगर). शहराचं पाणी मुळा धरणातून येतं. मुळानगरला उपसा, विळदला पुन्हा पंपिंग, मग वसंत टेकडीच्या टाक्या आणि तिथून वस्त्यांना. वाटेत एका ठिकाणी वीज गेली की टाक्या भरत नाहीत, पाण्याची पाळी पुढे जाते. मुकुंदनगरच्या घरात पंखा फिरत असतो आणि नळ कोरडा, कारण वीज गेलेली असते तिकडे राहुरी तालुक्यात. याला कोणता इन्व्हर्टर पुरणार?

एप्रिल 2022 मध्ये कोळशाची टंचाई आणि उन्हाळ्याची वाढलेली मागणी एकदम आली. तेव्हा महावितरणने भारनियमनासाठी जी-1, जी-2 आणि जी-3 गटांतले फीडर पुढे केले. फीडरवर सोडलेली वीज आणि वसूल झालेले पैसे यांत तफावत जितकी मोठी, तितका गट खालचा. हा नियम मुसलमानांविरुद्ध केलाय असं मी म्हणत नाही. त्यात शेतशिवारही भरडलं जातं. पण हिशोब फीडरचा होतो आणि अंधार माणसाच्या वाट्याला येतो. दर महिन्याला बिल भरणारी विधवा आणि आकडा टाकणारा, दोघांना एकच शिक्षा. (आणि हो, त्या आकडेबहाद्दराला 'गरीब आहे बिचारा' म्हणून पाठीशी घालणं बंद करा. तो शेजाऱ्याचीच वीज घालवतो.)

12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. तेव्हा महापालिका आयुक्तांनी रुग्णालयांना किमान 8 तासांचं डिझेल ठेवायला सांगितलं. योग्यच केलं. पण घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेल्या दादाजींसाठी डिझेल कोण ठेवणार? फ्रीजमधल्या इन्सुलिनचं काय? 'अत्यावश्यक' या शब्दात मोठी इमारत लगेच बसते, गल्लीतला पेशंट बसत नाही.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असलाच पाहिजे आणि दरवर्षी त्याचा फेरआढावाही. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तेव्हा दोस्तहो, निवेदन देऊन फोटो काढण्यापेक्षा माहितीचा अधिकार वापरा. आराखड्यात वीजटंचाईसाठी काय लिहिलंय ते विचारा. मुळानगर आणि विळदचे पंप कोणत्या फीडरवर आहेत, त्यांना दुसरीकडून पुरवठा आहे का, आपल्या प्रभागातला सरकारी दवाखाना भारनियमनातून वगळलाय का, हेही विचारा. आपल्या फीडरचा गट महावितरणकडे मागा. अर्जात कौमचं नाव घालायची गरज नाही, प्रभागाचं घाला. पाणी सगळ्यांचंच अडतं.

अर्ज मराठीत चालतो, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, त्याची फी 20 रुपये.