डिस्क अडकली म्हणून स्पीकर का फेकायचे?



दिवाळीची झाडझूड निघाली की भंगाराच्या हातगाडीवर एक वस्तू हमखास दिसते. होम थिएटरचा डबा आणि वायरीनं बांधलेले पाच स्पीकर. कारण विचारलं तर, "डिस्क घेत नाही हो!" अहो, डिस्क घेत नाही तो प्लेअर. स्पीकरांनी कुणाचं घोडं मारलंय?

मी कॉमर्सची. घसारा काढताना प्रत्येक वस्तूचं आयुष्य वेगळं धरायचं, हे आम्हाला पहिल्यांदा शिकवलं. प्लेअरमध्ये हलणारे भाग असतात. ट्रेचा रबरी पट्टा सैल होतो, भिंगावर धूळ बसते, लेसर मंदावतो. स्पीकरचं तसं नाही. मग एकाचा घसारा दुसऱ्याच्या नावावर का टाकायचा?

दुकानात सांगतात, "काकू, आता डिस्क कोण बघतं? साउंडबार घ्या." बहुतेक साउंडबारमध्ये डिस्क घालायला जागाच नसते, हे मात्र कुणी सांगत नाही. घरातल्या दीक्षा महोत्सवाची डीव्हीडी, मुलीचं लग्न, सासूबाईंच्या आवाजातली स्तवनं कुठे लावायची? ती कुठल्याच अ‍ॅपवर मिळणार नाहीत.

म्हणून आधी भिंग साफ करून, पट्टा बदलून पाहा. नाहीच जमलं तर फक्त प्लेअर बदला. अ‍ॅम्प्लिफायर वेगळा असेल तर काम सोपं आहे. जुना काढायचा, नवा जोडायचा. प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच डब्यात असतील तर ट्रे बंद पडला तरी डबा टाकू नका, स्पीकर त्याच्याच जिवावर वाजतात. डब्यामागे 'ऑक्स' किंवा 'ऑप्टिकल' लिहिलेली जागा शोधा, तिचा फोटो घेऊन दुकानात जा आणि तिला जुळणारा प्लेअर मागा. चित्र एचडीएमआयनं टीव्हीवर, आवाज जुन्या डब्यात. लाल-पांढऱ्या पिनांनी दोनच बाजूंचा आवाज जातो, डीव्हीडीतला ५.१ आवाज हवा तर ऑप्टिकल बरं.

अमेरिकेतल्या मुलाकडून प्लेअर मागवू नका. डीव्हीडीसाठी भारत विभाग ५ मध्ये आणि अमेरिका १ मध्ये येते, त्यामुळे विकतच्या डिस्क अडू शकतात. जुन्या व्हीसीडी असतील तर त्या चालतात का, हे दुकानातच लावून पाहा.

आणि टाळाटाळ नको. ओप्पो डिजिटलनं २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं. सॅमसंगनं २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवे ब्लू-रे प्लेअर आणणं बंद केलं. प्लेअर मिळतोय तोवर घरच्या डिस्कची नक्कल हार्ड डिस्कवर करून ठेवा. घरी किंवा स्टुडिओत भरलेल्या डिस्कचा थर उन्हाळ्यात खराब होतो, आणि आपल्या जालन्याचा उन्हाळा काही सांगायला नको.

आपल्या गावात भंगार वितळवून सळया होतात, म्हणून भंगारात दिलं की सार्थकी लागलं असं वाटतं. पण सर्किट बोर्डाची सळई होत नाही. जुन्या बोर्डांच्या डाखात शिसं असतं, आणि तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या तर तो धूर कुणाच्या तरी लेकरांच्या छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी बनवणाऱ्यांवरही जबाबदारी टाकली आहे. मेलेला प्लेअर नोंदणीकृत ई-कचरा केंद्रातच द्या.

कुणी म्हणेल, "ताई, अपरिग्रह सांगता आणि जुनं सामान धरून बसता?" चालती वस्तू वापरणं म्हणजे साठा करणं नव्हे. चालती वस्तू टाकून तीच पुन्हा विकत आणणं, हा खरा परिग्रह. वर पैसे जातात ते वेगळेच!

तेव्हा या दिवाळीला दुकानदारानं अख्खा संच दाखवला तर एवढंच म्हणा, "मला फक्त प्लेअर हवाय."