घ्यायचे माप एक, द्यायचे दुसरे? कॅनडातले तीन वाद आणि आपण

कॅनडा हा आता आपल्यासाठी फार लांबचा देश राहिलेला नाही. नात्यातले, ओळखीतले कुणी ना कुणी टोरांटोला शिकायला किंवा नोकरीला गेलेले असते. तिथल्या भाषणांचे तुकडे आपल्या फॅमिली ग्रुपवर फिरत असतात. त्यात तीन विषय पुन्हा पुन्हा येतात: स्त्री-पुरुष ओळखीचा म्हणजे जेंडरचा वाद, दुसऱ्याला लागेल असे बोलण्याचा हक्क, आणि तिथल्या मूळनिवासींसाठी राखून ठेवलेल्या प्रदेशांचे धोरण. वरवर पाहता हे तीन वेगळे वाद आहेत. पण तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: बहुसंख्य समाजाला न पटणारी माणसे त्याच देशात कोणत्या हक्काने राहणार? हा प्रश्न आपलाही आहे, म्हणून तो नीट समजून घेऊ.

जेंडरचा वाद आणि कलम ३३

२०१६च्या सप्टेंबरमध्ये टोरांटो विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉर्डन पीटरसन यांनी सी-१६ या विधेयकाविरुद्ध व्हिडिओ टाकले आणि ते जगभर गाजले. सरकार आपल्या तोंडी शब्द कोंबते आहे, असे त्यांचे म्हणणे होते. विधेयक २०१७च्या जूनमध्ये मंजूर झाले. त्याने केले काय? भेदभावापासून संरक्षण असलेल्या गोष्टींच्या यादीत लिंगओळख आणि तिची अभिव्यक्ती यांची भर घातली. त्या यादीत वंश आणि धर्म आधीपासूनच होते. म्हणजे हिजाब घालते म्हणून नोकरी नाकारली तर मुस्लिम स्त्री ज्या यादीच्या आधारे दाद मागते, त्याच यादीत आणखी एका गटाला जागा मिळाली.

पुढे शाळांमध्ये हा वाद पेटला. २०२३च्या २० सप्टेंबरला कॅनडाभर मोर्चे निघाले आणि त्यात मुस्लिम आईवडील मोठ्या संख्येने होते. मुलांना शाळेत काय शिकवतात हे विचारण्याचा आईबापांना पूर्ण हक्क आहे. आपल्या दीनप्रमाणे स्त्री-पुरुषांबद्दलची आपली समजूत मुलांना सांगण्याचाही आहे. याबद्दल आमच्या मनात किंतु नाही.

पण पुढचे पाऊल बघा. सस्कॅचेवान प्रांताने ऑक्टोबर २०२३ मध्ये कायदा केला: सोळा वर्षांखालच्या मुलाला शाळेत नाव किंवा सर्वनाम बदलायचे तर पालकांची संमती हवी. कोर्टाने सप्टेंबरमध्येच या धोरणाला स्थगिती दिली होती. तेव्हा सरकारने राज्यघटनेच्या हक्कांच्या सनदेतले कलम ३३ वापरले. या कलमामुळे सरकारला काही मूलभूत हक्क पाच-पाच वर्षांसाठी बाजूला ठेवता येतात. निर्णय मनासारखा होता, म्हणून बऱ्याच मुस्लिम पालकांना तो आवडला.

आता क्युबेक प्रांतात या. तिथे जून २०१९ मध्ये कायदा २१ आला. सरकारी शाळेतले शिक्षक, पोलीस, सरकारी वकील अशांना कामावर धार्मिक चिन्ह घालायला त्याने बंदी केली. हिजाब, पगडी, किप्पा सगळे त्यात आले. २०२१ मध्ये एका शिक्षिकेला हिजाबमुळे वर्गातून हलवले गेले. हा कायदा कोर्टात टिकावा म्हणून क्युबेकने आधीच ढाल लावून ठेवली होती. ती ढाल म्हणजे हेच कलम ३३. २०२४ मध्ये तिची मुदत पुन्हा पाच वर्षांनी वाढवली गेली. प्रकरण आता कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आहे.

धडा अगदी सरळ आहे. दुसऱ्याचा हक्क बाजूला सारण्यासाठी आपण ज्या कुलपाची किल्ली सरकारच्या हातात देतो, त्याच किल्लीने उद्या आपले दारही बंद होते. अल्पसंख्याकांना मनासारखे सरकार मिळणे ही नशिबाची गोष्ट आहे. हक्क टिकवणारी व्यवस्था ही मात्र गरजेची गोष्ट आहे.

मनाला लागणारे बोलणे आणि द्वेष

दुसरा वाद बोलण्याचा. इथे कॅनडाच्या न्यायालयांनी बराच विचार करून रेघ ओढली आहे. १९९०च्या कीगस्ट्रा खटल्यात प्रश्न होता अल्बर्टातल्या एका शिक्षकाचा, जो वर्गात मुलांना ज्यूंबद्दल विष शिकवत होता. सर्वोच्च न्यायालयाने द्वेष पसरवण्याविरुद्धचा फौजदारी कायदा वैध ठरवला. २०१३च्या व्हॉटकॉट खटल्यात समलैंगिकांविरुद्धच्या पत्रकांचा विषय होता. तेव्हा न्यायालय म्हणाले की एखाद्या गटाला तुच्छ, तिरस्करणीय ठरवणारा टोकाचा द्वेष कायद्याने रोखता येतो. पण नुसती टवाळी, कमी लेखणे, मान दुखावणे एवढ्याने कायदा लागू होणार नाही. त्यासाठी कायद्यातले तेवढे शब्द न्यायालयाने काढूनच टाकले. २०२१ मध्ये माइक वॉर्ड या विनोदवीराने एका अपंग मुलाची केलेली चेष्टा न्यायालयासमोर आली. चेष्टा हीन होती, पण कायद्याच्या अर्थाने तो भेदभाव नव्हे, असा निकाल लागला. तोही पाच विरुद्ध चार. म्हणजे न्यायाधीशांनाही हे सोपे गेले नाही.

आपल्याला कुणी विचारले तर आपण काय सांगू? ज्या देशात २०१७च्या २९ जानेवारीला क्युबेक शहरातल्या मशिदीत सहा नमाजी मारले गेले आणि २०२१च्या जूनमध्ये लंडन नावाच्या शहरात रस्त्याने चाललेल्या एका मुस्लिम कुटुंबावर ट्रक घालून चौघांना ठार केले गेले, तिथे द्वेष म्हणजे नुसते शब्द नसतात, हे पटवून द्यावे लागत नाही. आपल्याकडेही मोर्च्यांतून बहिष्काराच्या हाका उठतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याच्या गाडीवर काय परिणाम होतो ते आपण जाणतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना आदेश दिला की द्वेषपूर्ण भाषणावर कुणाच्या तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा. त्या आदेशाची अंमलबजावणी व्हावी ही आपली मागणी रास्तच आहे.

पण ही रेघ आपल्या बाजूनेही पाळावी लागेल. कॅनडातलेच उदाहरण घ्या. डेव्हिड अहेनाक्यू हे मूळनिवासींचे मोठे नेते, राष्ट्रीय संघटनेचे माजी प्रमुख. २००२ मध्ये ते ज्यूंबद्दल अत्यंत घाणेरडे बोलले. त्यांच्यावर खटला झाला, पुढे वरच्या कोर्टात निकाल फिरला आणि २००९ मध्ये ते सुटले. पण देशाचा मोठा सन्मान त्यांच्याकडून त्याआधीच काढून घेण्यात आला होता. स्वतः अन्याय सोसलेल्या समाजाचा नेता म्हणून त्यांना सूट मिळाली नाही, आणि मिळायलाही नको होती. आपल्या जलशांत, आपल्या यूट्यूब चॅनलवर दुसऱ्या मसलकबद्दल, दलितांबद्दल, तृतीयपंथीयांबद्दल किंवा आपल्याच शिकलेल्या मुलींबद्दल काय बोलले जाते, तेही याच तराजूत टाकून बघायला हवे. एका जमातीने दुसऱ्या जमातीची टवाळी करू नये, ही शिकवण सूरह हुजुरातमध्ये आहेच. ती फक्त इतरांसाठी नाही.

राखीव प्रदेश: समानतेच्या नावाखाली काय?

तिसरा वाद आपल्याकडे कमी माहीत आहे, पण आपल्या सगळ्यात जवळचा तोच आहे. कॅनडात १८७६चा इंडियन ॲक्ट आजही लागू आहे. सहाशेहून अधिक मूळनिवासी समाज, ज्यांना तिथे फर्स्ट नेशन्स म्हणतात, या कायद्याखाली येतात. त्यांच्यासाठी राखीव प्रदेश आहेत, पण जमिनीची मालकी कागदावर राजसत्तेची. या कायद्याने त्यांना एकेकाळी पुरते जखडले होते. १९२७ ते १९५१ या काळात जमिनीच्या हक्कासाठी वकील लावायला पैसे गोळा करणेसुद्धा गुन्हा होता. आपला दर्जा न सोडता देशाच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क सगळ्यांना मिळाला तो १९६० मध्ये. सुमारे दीड लाख मुले घरापासून तोडून निवासी शाळांत टाकली गेली. त्याची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या.

२०१७च्या मार्चमध्ये लिन बेयाक या खासदारबाई सिनेटमध्ये म्हणाल्या की या शाळांत चांगलेही खूप झाले. सप्टेंबरमध्ये त्यांनी मूळनिवासींना सल्ला दिला की वेगळा दर्जा सोडा, सगळेच कॅनडाचे नागरिक होऊ. वेबसाइटवर वर्णद्वेषी पत्रे ठेवल्यावरून २०१८च्या जानेवारीत पक्षाने त्यांना गटातून काढले आणि २०२१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पण त्यांचा विचार नवा नव्हता. १९६९ मध्ये पिअर ट्रूडो सरकारनेच श्वेतपत्रिका काढून इंडियन ॲक्ट आणि वेगळा दर्जा मोडीत काढायचे ठरवले होते. कारण तेच दिले होते, समानता. फर्स्ट नेशन्स एकजुटीने उभे राहिले आणि सरकारला ती गुंडाळावी लागली.

यात एक गंमत आहे. हा कायदा वाईट आहे हे मूळनिवासी स्वतःच सांगत होते. अनेक राखीव प्रदेशांत आजही धड पाणी नाही. नेस्कांतागा या गावात पाणी उकळून प्यायची सूचना १९९५ पासून लागू आहे. तरीही कायदा सरसकट रद्द करायला त्यांनी नकार दिला. कारण राखीव प्रदेश ही खैरात नव्हती. जमिनी देताना झालेल्या करारांची ती किंमत होती. घर गळते आहे, म्हणून ते दुरुस्त करा म्हणणे वेगळे आणि गळते आहे म्हणून बुलडोझर आणणे वेगळे.

समान नागरी कायद्याची चर्चा ऐकताना हा फरक डोक्यात ठेवायला हवा. उत्तराखंडने २०२४ मध्ये तो कायदा केला आणि त्यातून अनुसूचित जमातींना वगळले. आदिवासींच्या वेगळेपणाचा मान ठेवला हे चांगलेच झाले. मग सर्वांना एकच नियम हाच समानतेचा अर्थ, असे फक्त आपल्यालाच का सांगितले जाते, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

पण बायकांचे काय?

गोष्ट इथे संपवली तर ती अर्धी राहील. त्याच इंडियन ॲक्टमध्ये एक कलम होते. मूळनिवासी स्त्रीने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केले तर तिचा दर्जा जाई आणि राखीव प्रदेशात राहायचा हक्कही. पुरुषाने बाहेरची बायको केली तर त्याचे काही जात नसे, उलट त्या बायकोला दर्जा मिळे. जेनेट लाव्हेल यांनी कोर्टात दाद मागितली. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्या हरल्या. त्यांच्याविरुद्ध सरकारच्या बाजूने उभी कोण राहिली? मूळनिवासींची राष्ट्रीय संघटना. तिची भीती खोटी नव्हती. १९६९ ताजे होते, एक कलम पडले तर सगळा कायदाच पडेल असे नेत्यांना वाटत होते. पण त्या भीतीची किंमत बायकांनी मोजली.

मग सँड्रा लव्हलेस संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेल्या. १९८१ मध्ये समितीने कॅनडाला दोषी धरले. १९८५ मध्ये कायदा बदलला आणि पुढच्या वर्षांत एक लाखाहून जास्त लोकांना दर्जा मिळाला. राहिलेले भेदभाव काढायला २०१९ उजाडले. आणि राखीव प्रदेश बुडाले का? नाही. समाजाची संख्या वाढली. ज्या बाईला एकदा बाहेर काढले होते, ती लव्हलेस पुढे सिनेटमध्ये आपल्या समाजाची बाजू मांडत बसली.

१९८५ म्हटले की आपल्याला शाहबानो आठवते. तेव्हाही भीती होती आणि तीही खोटी नव्हती. पण आपण घरातली दुरुस्ती लांबवत गेलो. एका दमात तीन तलाक चुकीचे आहेत असे उलेमाही म्हणत, पण ते बंद करायची वेळ कोर्टावर आली, २०१७ मध्ये. आणि २०१९ मध्ये सरकारने तीन वर्षांपर्यंत तुरुंगाचा कायदा आणला, तेव्हा आपल्या हातात फक्त निषेध उरला. आपण वेळेवर निकाहनामा सुधारला असता, मेहेर आणि वारसा मुलींच्या हातात खरोखर दिला असता, तर बाहेरच्याला बोट दाखवायला जागा कमी राहिली असती.

सूरह मुतफ्फिफीनमध्ये इशारा आहे तो घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि देताना कमी मापणाऱ्यांना. सरकारकडे आणि बहुसंख्याकांकडे आपण आपल्या वेगळेपणाचा मान मागतो, द्वेषापासून संरक्षण मागतो, हक्क मागतो. हे मागणे सोडू नये. फक्त आपल्या घरातल्या मुलीला, आपल्याला न पटणाऱ्या शेजाऱ्याला आणि आपल्याहून दुबळ्या समाजाला देताना तेच माप वापरावे. मशिदीच्या कमिटीत, जमातीच्या बैठकीत, निकाहाच्या बोलणीत सुरुवात करता येते. त्यासाठी कुठल्या कायद्याची वाट बघायला नको.