आधी बोअरची नोंद, मग भाकीत

मुंबईच्या उपनगरातल्या सोसायटीत बोअर मारायचं ठरलं की पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून आवारभर फिरतो. कधी एका कोपऱ्यात पाणी लागतं आणि पंधरा पावलांवर दुप्पट खोल जाऊनही नुसती धूळ उडते. लोक नशिबाला बोल लावतात. दोष असलाच तर तो पायाखालच्या दगडाचा.

अंधेरीची गिल्बर्ट हिल हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट. त्याच जातीच्या दगडाचा ‘मांजऱ्या’ म्हणवला जाणारा थर अनारशासारखा जाळीदार दिसतो; पण त्यातली बरीच भोकं झिओलाइटसारख्या खनिजांनी बुजलेली असतात, उरलेली एकमेकांना जोडलेली नसतात. पाणी वाहतं ते मुख्यतः भेगांतून आणि दोन लाव्हाथरांमधल्या सांध्यातून.

दगडामातीतून पाणी किती वेगाने झिरपेल, याचा नियम आँरी डार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये दिजाँच्या पाणीपुरवठ्यावरच्या ग्रंथात मांडला. सूत्र सोपं आहे. त्यातला पारगम्यतेचा आकडा मात्र दगडागणिक बदलतो आणि तो काढणं जिकिरीचं. आता दगडाच्या तुकड्याचा सीटी स्कॅन घेऊन छिद्राछिद्रातला प्रवाह संगणकावर सोडवता येतो, पण त्यात तासन्‌तास जातात. अशी असंख्य उदाहरणं शिकलेलं न्यूरल नेटवर्क नव्या स्कॅनवरून तोच आकडा काही सेकंदांत सांगतं. २०२० मध्ये कॅलटेकच्या संशोधकांनी ‘फूरिये न्यूरल ऑपरेटर’ ही पद्धत मांडली, तेव्हा तिची एक परीक्षा डार्सीच्याच समीकरणावर घेतली होती.

मेख शिकवणीत आहे. अशा अभ्यासांत ओहायोचा बेरिआ आणि जर्मनीचा बेंथाइमर हे वालुकाश्म वारंवार वापरले जातात. दोन्ही बऱ्यापैकी एकसारखे, छिद्रं एकमेकांत उघडणारी. त्यांच्यावर तयार झालेलं मॉडेल घाटकोपरच्या भेगाळ कातळाला लावलं, तर उत्तर झटपट येईल. खरं असेलच असं नाही. शिवाय स्कॅनचा तुकडा जेमतेम बोटाएवढा, आणि भेग कित्येक मीटर लांब.

जागेवरच्या दगडाची नोंद हवीच, हे तेलवाल्यांनी केव्हाच ओळखलं. १९७४ मध्ये सापडलेल्या बॉम्बे हायमध्ये तेल चुनखडकात आहे, आणि तेलविहीर खोदताना थराथराची नोंद ठेवणं हा त्या धंद्याचा नेमच आहे.

उपनगरातही माहितीचा तुटवडा नाही. पुनर्विकासातले टॉवर, मेट्रोचे खांब, गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली बोगदे, अशा कामांआधी बोअर घेऊन दगडाची कोअर काढली जाते. बोगद्यांसाठी दाबाने पाणी सोडून भेगा ते किती पितात, हेही मोजण्याची रीत आहे. मग अहवाल त्या त्या प्रकल्पाच्या फायलीत जातो.

महापालिकेने बांधकाम परवानगीत एक अट घालावी: बोअरचं ठिकाण, थरांची खोली, पाण्याची पातळी आणि चाचणीचे आकडे ठरावीक नमुन्यात जमा व्हावेत आणि सर्वांसाठी खुले राहावेत. पवईच्या आयआयटीतल्या संशोधकाला आणि मुलुंडमधल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला ते सारखेच मिळावेत. रेन वॉटर हार्वेस्टिंगच्या खड्ड्यातलं पाणी कुठे मुरेल आणि कुठे तुंबेल, हे सांगणारं मॉडेल त्यातूनच उभं राहील. तोवर परदेशी वालुकाश्मावर शिकलेलं सॉफ्टवेअर विकत घेण्यात पालिकेने पैसे घालू नयेत.