तीन अक्षरांचे सांत्वन

गावात कुणी देवाघरी गेले की पूर्वी चर्चची घंटा कानी पडे. आता त्याआधी मोबाइल वाजतो. व्हॉट्सॲपवर निधनवार्ता येताच तिच्याखाली ‘आर. आय. पी.’ची रांग लागते. मागोमाग जोडलेल्या हातांची चित्रे येतात आणि त्याच रांगेत कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छाही! कर्तव्य पार पडले, अशा समाधानाने आपले बोट पुढे सरकते. या सांत्वनाला माझी हरकत आहे.

ही अक्षरे मुळात आपल्याच घरची. ‘रेक्विएस्कात इन पाचे’, म्हणजे ‘शांतीने विसावा लाभो’, हे लॅटिन मागणे मृतांसाठीच्या ख्रिस्ती प्रार्थनेतून आणि थडग्यांवरून शतकानुशतके चालत आले आहे. मागणे देवापाशी करायचे असते. आपण मात्र त्याची पोचपावती करून टाकली. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला स्थान दिले आणि आपली प्रार्थना मायबोलीत आली. त्याच समाजाने दुःखाच्या घडीला परक्या आद्याक्षरांचा आश्रय घ्यावा, हा दैवदुर्विलासच नव्हे काय?

आखातात नोकरी करणाऱ्या मुलाने मग काय करावे, असे कुणी विचारील. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. २०२० च्या टाळेबंदीत अंत्यविधीला वीसच माणसांची मुभा होती. तेव्हा याच पडद्याने दूरच्या लेकरांना आईबापांचे अखेरचे दर्शन घडवले. प्रश्न चार घरे पलीकडे राहणाऱ्या तुमचा-आमचा आहे.

प्रभू येशूने शताधिपतीच्या चाकराला त्याच्या घरी न जाता केवळ शब्दाने बरे केले. अंतराची अडचण त्याला नव्हतीच. तरीही लाजरसाच्या मृत्यूनंतर तो बेथानीला गेला, मार्था व मरिया यांचे बोल त्याने ऐकून घेतले आणि तो रडला. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर निःशब्द बसून राहिले. त्यांचे बिनसले ते बोलू लागल्यावर!

काय बोलावे ते सुचत नाही, म्हणून दुःखाच्या घरी जाणे टाळणारे पुष्कळ आहेत. पण बोलायला सांगितले आहे कुणी? पाणी भरून द्यावे, चहाची किटली न्यावी, जपमाळेला कोपऱ्यात बसावे. सातव्या दिवसाची मिस्सा होऊन पाहुणे पांगले की आठव्या दिवशी पुन्हा जावे. घर खरे रिकामे होते ते त्या दिवशी, आणि तेव्हा ओट्यावर येऊन बसायला माणूसच लागतो.