फोनची घंटा : घरच्या घरीं आणि विनामूल्य

देवघरांतील घंटेनें पूजा आटोपत आल्याचें कळतें, दारावरच्या घंटेनें पाहुणा आल्याचें कळतें. आणि दिवसांतून दहा-वीस वेळां वाजणारी तिसरी घंटा हल्लीं प्रत्येकाच्या खिशांतल्या मोबाइल फोनची. पहिल्या दोन आपण पारखून घेतों. तिसरी मात्र कारखानदारानें घालून दिलेली, नाहीं तर घरांतल्या कॉलेजकुमारानें कोठून तरी ‘फुकट’ उतरवून घेतलेली एखादी उडती चाल, आपण मुकाट्यानें ऐकत बसतों. पैसा न खर्चतां, कायदा न मोडतां आणि घरांतील वडील माणसांची सोय पाहून ही रिंगटोन कशी करतां येईल, याचा विचार या वेळीं करूं.

नोकिया कंपनीच्या फोनांतून १९९४ पासून जगभर वाजलेली चाल पुष्कळांच्या कानांत अजून असेल. ती फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या १९०२ सालच्या ‘ग्रान व्हाल्स’ या रचनेंतून घेतलेली आहे. तारेगा १९०९ मध्यें निवर्तला. म्हणजे एवढ्या बलाढ्य कंपनीनेंहि आपली घंटा जुन्या भांडारांतूनच उचलली! त्या काळच्या फोनांतून एका वेळीं एकच स्वर निघे; आज फोन कोणतीहि ध्वनिमुद्रिका वाजवूं शकतो. तेव्हां रिंगटोन विकत घेण्याचें वस्तुतः कारणच उरलेलें नाहीं.

तरीहि ‘फुकट’ या शब्दापाशीं जरा थांबावें. रिंगटोन फुकट देऊं करणाऱ्या कित्येक ठिकाणीं खरी कळ एक आणि तिच्याभोंवतीं जाहिरातींच्या खोट्या कळा पांच, असा प्रकार असतो. नुसतें गाणें हवें असतां कोणी एखादें ‘अ‍ॅप’ बसवावयास सांगेल आणि तें आपले निरोप व छायाचित्रें पाहण्याची परवानगी मागेल, तर तेथूनच परत फिरावें. दुसरा घोटाळा नांवाचा. रिंगटोन आपल्या फोनांत वाजते. कॉलर ट्यून आपल्याला फोन करणाऱ्याच्या कानांत वाजते आणि ती कंपनीच्या यंत्रांत असते. त्यामुळें ती घरीं बनवितां येत नाहीं व पुष्कळदां तिचें भाडें खात्यांतून कापलें जातें. ग्राहकाची दोनदां संमति घेतल्याखेरीज अशी सेवा सुरू करूं नये, असा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा २०१३ चा आदेश आहे. वृद्धांच्या हातून नकळत कळ दाबली जाते. म्हणून त्यांच्या फोनचा हिशेब घरांतील कोणीं तरी अधूनमधून पाहावा हें बरें.

आतां घंटा बनविण्याकडे वळूं. साहित्य घरांतच आहे: पेटी, बांसरी, सतार, मुलीचा गळा. फोनमधील ‘रेकॉर्डर’ सुरू करून, पंखा बंद ठेवून, हातभर अंतरावरून मुद्रण करावें. पण काय मुद्रित करावें यांत थोडें शास्त्र आहे. फोनचा ध्वनिवर्धक बोटाच्या पेरापेक्षां फारसा मोठा नसतो. खर्जाचे स्वर त्याला पेलत नाहींत. डग्ग्याचा घुमारा किंवा तंबोऱ्याचा खर्ज त्यांतून जवळजवळ ऐकूंच येत नाहीं. उलट वृद्धांचे कान प्रथम अतिउंच स्वरांस पारखे होतात. म्हणून बारीक चिवचिवाट करणारी घंटा नातवाला कर्कश वाटते आणि आजोबांना ऐकूं येत नाहीं. या दोहोंच्या मधला, पेटीचा किंवा स्त्रीकंठाचा मध्य सप्तकांतील स्वर उभयतांस मानवतो. पसंतीपूर्वीं आजोबांना पलीकडच्या खोलींत बसवून परीक्षा अवश्य घ्यावी.

लांबी किती असावी? उत्तर न दिलेला मोबाइल भारतांत ३० सेकंद वाजावा, असें नियामक प्राधिकरणानें २०१९ मध्यें ठरविलें. तेव्हां तुकडा त्याहून मोठा नको. मिनिटाला १२० मात्रांच्या लयींत त्रितालाच्या १६ मात्रांस ८ सेकंद लागतात. तीन आवर्तनें म्हणजे २४ सेकंद. तुकडा समेपासून समेपर्यंत कातरला कीं घंटा पुन्हां पहिल्यापासून वाजूं लागतांना लय तुटत नाहीं. शिवाय फोन बहुधा पांच-सात सेकंदांतच उचलला जातो. म्हणून आलापानें आरंभ न करतां मुखड्यानेंच करावा.

कातरण्यासाठीं संगणकावर ‘ऑडेसिटी’ हें २००० सालापासून चालत आलेलें मोफत साधन उत्तम. हवा तेवढा भाग निवडून निराळा साठवावा व फोनांत घ्यावा. अँड्रॉइड फोनांत ‘सेटिंग्ज’मधील ‘साउंड’ या सदरांत रिंगटोन म्हणून तो नेमतां येतो. अ‍ॅपलच्या फोनांत ‘गॅरेजबँड’ या मोफत साधनांतून हें काम होतें.

घरच्या गळ्याऐवजीं कोणास जुनी तबकडी हवी असेल, तर आपला कायदा उदार आहे. ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षें तिचा हक्क चालतो. शब्द व चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें. ‘स्वयंवर’ नाटक १९१६ चें. नाटककार खाडिलकर १९४८ मध्यें गेले, चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्यें. तेव्हां त्यांतील पदांच्या शब्दांवर व चालींवर आतां कोणाची मालकी नाहीं, आणि बालगंधर्वांनीं तीं गायिलेल्या त्या काळच्या तबकड्याहि मोकळ्या झाल्या आहेत. मात्र तेंच पद आजच्या गायिकेनें गायिलें असेल, तर ती मुद्रिका नवी व तिचा हक्कहि नवा. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संग्रहांत जुन्या तबकड्या पुष्कळ आहेत; पक्ष्यांचे, पावसाचे, घंटांचे आवाज बार्सिलोना येथील विद्यापीठांत २००५ मध्यें सुरू झालेल्या ‘फ्रीसाउंड’ संग्रहांत मिळतात. तेथें प्रत्येक आवाजाखालीं परवाना लिहिलेला असतो, तो वाचून घ्यावा.

अखेरीस एक सूचना, आणि आमच्या मतें हीच सर्वांत उपयोगाची. फोनांत प्रत्येक नांवाला निराळी घंटा नेमतां येते. ज्या आजींना चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाहीं, त्यांच्या फोनांत मुलीच्या नांवाला तिनेंच म्हटलेली भूपाळी, नातवाच्या नांवाला त्याच्या पेटीचा सरगम लावून द्यावा. आवाजावरून माणूस ओळखून त्या फोन घेतील. आणि अनोळखी नंबराला साधीच घंटा ठेवली, तर बँकेच्या नांवानें गोड बोलून फसविणाऱ्यांपासूनहि त्या सावध राहतील.

त्याचप्रमाणें आजींना विचारून त्यांच्या जात्यावरच्या ओव्याहि एकदां मुद्रित करून घ्याव्यात. घंटेला त्यांतले २४ सेकंद पुरतात. पण मुद्रण थांबवूं नये, त्यांना आठवतील तेवढ्या सर्व ओव्या म्हणूं द्याव्यात आणि तें सबंध मुद्रण निराळें जपून ठेवावें. कित्येक घरांत या ओव्या आतां एकाच व्यक्तीला पाठ असतात.